विझलेले लाल ठिपके

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक.

साकीनाक्याच्या एका लॅबमध्ये मी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींचे तुकडे तपासते. बाहेर भर दुपार असते आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मायक्रोस्कोपखाली निळ्या पेशी, त्यांत चमकणारे लाल ठिपके. एक ठिपका म्हणजे एक जनुक. निरोगी पेशीत दोन असतात. त्यांची गर्दी दिसली, तर जिची गाठ असेल त्या बाईला एक खास औषध लागू पडतं. नसेल तर ते देतच नाहीत.

दोघींनी मोजायचं — एकमेकींचे आकडे न बघता. हा आमचा नियम.

ती पेशंट खारदांड्याची, मासळी विकणारी. रिपोर्टची चौकशी करायला स्वतः आली होती. काचेपलीकडून म्हणाली, "बाय, नीट बघ हां."

माझी सहकारी प्राजक्ता, तिला सगळं ठीक दिसलं. मग मी बसले. एका कोपऱ्यात लाल गर्दी होती — होतीच, त्यात शंका नाही. तेवढ्यात फोन आला आणि मी दिवा झाकायला विसरले. उजेड पडत राहिला की ते ठिपके विझतात, हे आमच्यात कुणाला ठाऊक नाही? मी बाहेर उभी राहून बोलत होते — कशाबद्दल? वॉशिंग मशीनबद्दल. परत आले तर तो कोपरा नुसता निळा. शेवटचा एक ठिपका माझ्या डोळ्यांदेखत मंद होत गेला.

नवी स्लाइड करता आली असती. दोन दिवस गेले असते, लॅबच्या मुख्य मॅडमची बोलणी खावी लागली असती. बस, एवढंच! मी प्राजक्ताचा कागद पाहिला आणि तिच्याशी जुळतील असे आकडे लिहिले. निगेटिव्ह.

वर्षभराने त्याच नावाचा नवा तुकडा आला, या वेळी लिव्हरचा. डोळे लावले — लालच लाल. वाटलं, त्या पेशी माझ्याकडे बघताहेत.

मॅडम म्हणाल्या, "आजार कधीकधी बदलतो. तेव्हा काही नव्हतं ना गं?"

जुना तुकडा शेजारच्या कपाटात होता. पुन्हा तपासता आला असता.

"नव्हतं," मी म्हणाले.

औषध सुरू झालं, पण फार उशिरा. ती गेल्यावर तिची मुलगी लॅबमध्ये आली, पिशवीत ताजी पापलेटं घेऊन. "आई सांगून गेली, लॅबवाल्या बायला दे."

मी ती घेतली. घरी नेऊन साफ केली, तळली. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. मीही खाल्ली.