डोळे राहिलेला जवान

मी पेणची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली, मूर्तींचे डोळे आखणारी बाई. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. त्या वर्षी मुंबईच्या एका प्रकाशकाने माझी चित्रं पाहून एक कॉमिक काढायला दिलं. गोष्ट पुढच्या काळातल्या युद्धाची. जवान दूर सपाटीवरच्या एका खोलीत बसणार आणि सीमेवर त्याच्या जागी त्याचं लोखंडी शरीर लढणार. पडलं तर लोखंड पडेल, माणूस संध्याकाळी घरी जेवायला.

माझा थोरला भाऊ खराखुरा जवान. सुट्टीवर आला तेव्हा पानं चाळून पोट धरून हसला. "अशी नोकरी असली तर आजच सांग गो. तुझ्या वहिनीच्या हातची भाकरी खाऊन लढीन." मग म्हणाला, "जवान काढतेसच तर माझंच तोंड काढ. नाक तेवढं सरळ कर." मी तोंड काढलं, नाक होतं तसंच ठेवलं.

तो परत गेला आणि सीमेवर बिनसलं. त्याचे फोन थांबले. वरच्या चौकीवर असेल, फोन करायला खाली उतरावं लागतं, असं मी वहिनीला सांगायची आणि माझाच त्यावर विश्वास नसायचा. वहिनी खांब गावाकडची, शेतकऱ्याची मुलगी, उठसूट रडणारी नव्हे. तिने टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली, एवढंच. पण घरातला फोन वाजला की हातातलं टाकून धावायची. आणि असायचे कोण, तर प्रकाशकाकडचे माझे संपादक. शेवटची पानं कधी देताय? त्यांचा आवाज ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण वहिनीचं उतरलेलं तोंड मला बघावं लागायचं.

गोष्टीचा शेवट त्यांनीच ठरवून दिला होता. लोखंडी शरीरं ऐन वेळी बंद पडतात, आमचा जवान स्वतः डोंगरावर जातो आणि तिथे मरतो.

गणपती होऊन गेले होते, कारखाना रिकामा होता, म्हणून मी पानं तिथेच पसरून बसायची. एके दुपारी वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. ती पानं तिने कधी पाहिली नव्हती. प्रत्येक पानावर तिचा नवरा होता आणि एकाही पानावर त्याला डोळे नव्हते.

चूक म्हणाल तर सवयीची. आमच्याकडे रंग, दागिने, सोंडेवरची नक्षी, सगळं झाल्यावर डोळे. डोळे आखेपर्यंत मूर्ती म्हणजे माती. तिला ढकलतो, तिच्यासमोर भांडतो, बिघडली तर मोडतोसुद्धा. डोळे झाले की आपोआप आवाज खाली येतो. कॉमिकही मी त्याच रीतीने करत होते, सगळे डोळे शेवटी एका बैठकीत.

"वन्सं, ह्यांचे डोळे कुठायत?" तिने चहा तिथेच उंबऱ्यावर ठेवला.

मी समजावलं. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे इतके दिवस हे आंधळेच लढतायत? काढा आत्ता. माझ्यासमोर."

माझ्या पाठीशी उभं राहून कुणी बघितलेलं मला खपत नाही. त्या दिवशी मात्र ब्रश उचलला. पहिल्या पानापासून डोळे काढत आले. ती एकेक पान सुकायला ठेवत होती. शेवटच्या पानावर तो बर्फात पडलेला होता. मी मिटलेल्या पापण्यांची रेघ ओढणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"उघडे काढा."

"अगो, मेलाय तो. गोष्टच तशी हाय."

"डोळे होईस्तोवर माती, असं तुमीच म्हणता ना? मग अजून मेला कुठं?"

मी उघडे काढले. बाहुलीत पांढरा ठिपका दिला आणि तो आमच्याकडे बघायला लागला. वहिनीने ते पान सुकायला न ठेवता स्वतःसमोर धरलं.

तेवढ्यात घरात फोन वाजला. पहिल्यांदाच ती धावली नाही. "तुमचेच असतील," म्हणाली. मी तणतणत गेले.

"मी बोलतोय," दादा म्हणाला. "तुझी वहिनी शेजारी हाय?"

"नाय."

"मग ऐक. मला ताप भरला, म्हणून माझ्या जागी दुसरा गेला वर. तो आला नाय परत. तिला बोलू नको. दे तिला फोन."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग तो दुसरा आठवला आणि स्वतःची लाज वाटली. मी वहिनीला हाक मारली. ती अनवाणी धावत आली, जेवलात का, स्वेटर घालता का, असलंच विचारत राहिली. फोन ठेवून तिने पदराने डोळे पुसले.

"बघा वन्सं. डोळे उघडे काढले नि फोन आला."

मी व्हय म्हटलं.

ती देवापाशी दिवा लावायला आत गेली आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी संपादकच होते. मी सांगितलं, पानं झाली, जवान मरत नाही.

ते वैतागले. "असं कसं? युद्धाची गोष्ट आहे बाई. कुणीतरी मरायला हवं ना?"

"मेलाय एक," मी हळू आवाजात म्हटलं. "पण त्याचं तोंड मी पाहिलेलं नाय."