नक्कल न ठेवलेले पान

गुरुवार, १२ मार्च १९९८. या दिवशी एक नोंदणीकृत पत्र दिलेल्या पत्त्यावर पोचले, एवढे खात्रीने सांगता येते. पोचपावतीवर टपाल कार्यालयाचा शिक्का आहे आणि खाली घेणाऱ्याची सही. पाठवणारीच्या आणि घेणाऱ्याच्या दारांत अकरा पावलांचे अंतर होते. मध्ये सामाईक अंगण. ती दोघे सख्खी बहीणभाऊ.

बहिणीला सगळे पोचबाई म्हणत. कचेरीच्या भिंतीलगत टेबल टाकून ती तीस वर्षे लोकांचे अर्ज टंकित करत आली होती. ती वकील नव्हती. पण वकिलाकडे जाण्याआधी आणि तिथून हात हलवत परतल्यावर माणसे तिच्यासमोरच बसत.

एकदा शिंपी धावत आला. दुकानाच्या मालकाने त्याच्या कुलपावर आपले कुलूप चढवले होते.

"पण त्यांनी तोंडी कबूल केलंय, बाई. पुढच्या आठवड्यात काढतो म्हणाले."

"तोंडी? मग कपडेही तोंडीच शिवा." तिने यंत्रात दोन कागद आणि मध्ये कार्बन सरकवला. "तारीख सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. नक्कल जपा, पोच घ्या. आणि एकदा कागद गेला, की तोंड बंद. बोलायला गेलात की कागद पातळ होतो."

"लग्नात नवऱ्याकडूनही पोच घेतली होती का हो?"

"घेतली असती, तर तो गेला कुठे याचा पत्ता तरी लागला असता."

शिंपी हसता हसता थांबला. कागद टंकून झाल्यावर तिने सवयीने तळाशी एक ओळ घातली : 'जोडपत्रे : नाहीत.' पाकिटात जे जाते ते कागदावर नोंदलेले असावे, नाहीतर ते गेलेच नाही असे समजावे, हा तिचा दंडक होता.

१९९८च्या फेब्रुवारीअखेर धाकटा भाऊ तिच्या दारात उभा राहिला.

"ताई, अंगणात एक खोली काढतोय. तुझ्या खिडकीचा उजेड जरा जाईल. चालेल ना?"

"बघू," ती म्हणाली.

त्या खिडकीशी बसून ती सकाळी घरी आणलेले काम करी. भाऊ ऐकेल, भिंत मागे घेईल, याची तिला शंका नव्हती. शंका होती ती त्याच्यानंतरच्यांची. गप्प बसलेल्याची संमती धरली जाते, हे तिने शेकडो प्रकरणांत पाहिले होते. चौथ्या दिवशी तिने हरकतीचा कागद टंकला. पण भावाच्या उंबऱ्यावर उभे राहून 'इथे सही कर' म्हणण्याचा तिला धीर होईना. टपालाने गेला तर कमी लागेल, असे तिला वाटले.

मग त्याच पाकिटात घालायला म्हणून तिने एक वेगळे पान हाताने लिहिले : 'हा कागद तुझ्यासाठी नाही रे, आपल्यामागे येणाऱ्यांसाठी आहे. भिंत दोन हात मागे घे आणि रविवारी जेवायला ये.' घरच्या चिठ्ठीची नक्कल कोण ठेवतो? तिने ठेवली नाही.

रविवारी भाऊ आला नाही. भिंतही उठली नाही. खोलीसाठी आणलेल्या विटांचा ढीग तसाच राहिला आणि अंगणाकडचे त्याचे दार बंद झाले. "बहिणीनं मला नोटीस धाडली," असे तो शिंप्याला म्हणाल्याचे तिच्या कानावर आले. अकरा पावले चालून जावे, असे तिच्या कितीदा मनात आले. पण कागद गेला होता. आता उत्तर यायला हवे होते. ती आपल्याच सल्ल्याला बांधली गेली. चौदा महिने अबोला टिकला, आणि एका दुपारी भाऊ कामावरच कोसळला, तो उठला नाही.

काही दिवसांनी भावजय तेच पाकीट घेऊन आली. घड्यांवर विरलेले.

"वन्सं, हे त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचं. काय आहे विचारलं, तर म्हणायचे, ताईचा कागद आहे."

पोचबाईने पाकीट उघडले. आत टंकलेला एकच कागद होता. तळाशी तिचीच ओळ : 'जोडपत्रे : नाहीत.'

"आत अजून काही होतं का गं?"

"अजून काय असणार, वन्सं?"

त्या संध्याकाळी तिने टेबलाचे खण उपसले, फितींचे डबे पालथे घातले, जुन्या कार्बनच्या चळती एकेक करून झटकल्या. पान सापडले नाही.

पोचपावती, नक्कल आणि पाकीट आज एकत्र बांधलेले आहेत. विटा अंगणात आहेत आणि खिडकीतून पूर्वीइतकाच उजेड येतो. हाताने लिहिलेले पान पाकिटात गेले होते की नाही, हे ठाऊक नाही. गेले असेल, तर भावाने ते वाचले का, आणि वाचूनही रविवारी तो का आला नाही, हेही ठाऊक नाही.