चल, येतो

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच घरात उभा होतो. म्हणजे जे त्याचं व्हायचं होतं त्या घरात... अमरावतीला माझ्या फ्लॅटच्या खालचा फ्लॅट रिकामा झाला होता, मालक ओळखीचा होता आणि मी पेंटरच्या डोक्यावर उभा राहून भिंतींच्या रंगावरून वाद घालत होतो. दिनकरला पिवळा चालायचा नाही. पिवळा म्हणजे खमणाचा रंग, आणि उरलेलं आयुष्य खमणाच्या पोटात काढायची आपली तयारी नाही, असं तोच एकदा म्हणाला होता. फोनवर सुमनवहिनींचा आवाज अगदी शांत होता. "भाऊजी, हे गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला, अन्..." मी पेंटरला म्हणालो, राहू दे आता. दुःख नंतर झालं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आधी झाला तो संताप. कारण आदल्याच आठवड्यात हा माणूस मला फोनवर स्वच्छ शब्दांत म्हणाला होता, "चल, येतो." अमरावतीला परत ये म्हणून इतकी वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो, तो शेवटी हो म्हणाला, आणि मी रंगवाल्याला बोलावलं, तर हा निघून गेला. तेही सुरतेत!

आमची मैत्री मुळात तुच्छतेवर उभी होती. अमरावतीच्या कॉलेजात सगळी मुलं कशाकशाच्या प्रेमात पडत असताना आम्ही दोघं मागच्या बाकावर बसून नाकं मुरडत असू. गॅदरिंगची नाटकं, मेसची आमटी, प्राध्यापकांचे उच्चार, एकमेकांच्या कविता... आमच्या हातून काहीही सुटत नसे. बाकीच्यांना आम्ही नकोसे होतो आणि आम्हाला बाकीचे. मग दिनकर बँकेत लागला आणि बँकेनं त्याला सुरतेला पाठवलं. स्टेशनवर मी त्याला पोचवायला गेलो होतो. "दोन वर्षं काढतो बे कशीतरी," तो म्हणाला. "साखर घातलेली डाळ खाऊन माणूस जास्तीत जास्त दोनच वर्षं जगू शकते." त्याची बदली पुढे उधना, बारडोली अशी तिथल्या तिथेच होत राहिली. दर दिवाळीला तो यायचा, सुरतेला शिव्या द्यायचा आणि चार दिवसांत परत जायचा. बदलीचा अर्ज केला का, असं विचारलं की म्हणायचा, "करतो ना." केला कधीच नाही.

मी पहिल्यांदा सुरत पाहायला गेलो तो त्याच्या आग्रहामुळे. लोक पाहुण्याला गाव दाखवतात ते कौतुकानं. दिनकरनं मला भेस्तानच्या त्याच्या घरात पहाटेच उठवलं आणि म्हणाला, "ऊठ बे शऱ्या. तुले या गावाचं पतन दाखवतो." पतनाची सुरुवात लोचोपासून झाली. फुगायचा राहिलेला, भिजक्या कापसासारखा तो पिवळा गोळा दुकानदारानं डिशमध्ये थापला, वर तेल ओतलं, शेव पसरली, कांदा टाकला. आपल्याकडे लोचा झाला म्हणजे काम फसलं. इथे त्याची न्याहारी होते. "पाहून राहिला ना?" दिनकर म्हणाला. "ढोकळा बिघडला तर माणूस गपचूप फेकून देते. यायनं त्याले नाव ठेवलं, वर शेव टाकली अन् सकाळी सकाळी रांग लावून राहिले." माझं याबद्दल दुमत नव्हतं. बिघडलेल्या पदार्थाचा इतका जाहीर सत्कार मी आजवर पाहिलेला नाही. तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, "दिनकरभाई, बीजी?" दिनकरनं त्याच्याकडे न पाहताच डिश पुढे सरकवली. दुसरी डिशही त्यानं तितक्याच तुच्छतेनं संपवली.

मी जरा कला वगैरे पाहू म्हणालो, तर तो मला एका चित्रप्रदर्शनाला घेऊन गेला. दालनात एक वॉचमन, एक एसी आणि तापी नदीची सात-आठ चित्रं होती, त्यांतला वॉचमन सगळ्यांत जिवंत होता. "इथली कला भिंतीवर नाही लागत, अंगावर लागते," असं म्हणून मग त्यानं मला जरीच्या गल्लीत फिरवलं. डोळे दिपतील असा तो चकचकाट पाहून मी म्हणालो, यात कला कुठली, यात नुसता उजेड आहे. दिनकर खूश झाला. संध्याकाळी एक गुजराती विनोदी नाटक पाहिलं. त्यात नवरा, मेहुणा आणि घरमालक असे तिघं आळीपाळीनं कपाटात लपत होते. मध्यंतर झालं आणि खरी हालचाल मला तेव्हा दिसली. अख्खं नाट्यगृह बाहेर जाऊन खाऊ लागलं, इतक्या एकाग्रतेनं की नाटक हे मध्यंतराला तोंडी लावणं आहे, अशी माझी खात्री पटली.

आणि मग ती त्यांची प्रसिद्ध नाइट लाइफ. जिथे दारूबंदी आहे, तिथे माणसं दिवेलागणीनंतर करतात तरी काय, ही माझी जुनी शंका होती. उत्तर असं, की दूध पितात. कोल्ड कोको नावाचं घट्ट चॉकलेटचं दूध. बाप्ये माणसं, मिशा असलेली, मोटारीला टेकून स्ट्रॉनं कोको पिताना पाहून मला त्यांच्याविषयी काय वाटलं ते इथे छापता येणार नाही. डुमसच्या किनाऱ्यावर काळी वाळू आणि टोमॅटोची भजी. हिरव्या चटणीची चकती आत असलेला तो उकळता टोमॅटो टाळूला चिकटला की माणसाला दोन मिनिटं बोलता येत नाही, हा या शहराचा मला सापडलेला एकमेव गुण. पण सगळ्यांत अगाध होत्या त्या चटया. बऱ्या घरची माणसं, मोटारीतून येणारी, रस्त्याच्या कडेला फूटपाथवर प्लास्टिकची चटई अंथरत आणि आजी, सून, नातवंडं सगळी मांडी घालून खात बसत. आपल्याकडे माणसं रस्त्यावर बसतात ती मोर्च्यात. "घरी डायनिंग टेबल आहे बे यायच्या," दिनकर दातओठ खात म्हणाला. "तरी फूटपाथवर बसून राहिले. धूर खाऊन राहिले अन् त्याच्यावर लिंबू पिळून राहिले!" आम्ही दोघं उभ्यानं, चटयांपासून अंतर राखून, अत्यंत आनंदात त्या लोकांची कीव करत होतो.

पुढे मी वरचेवर जाऊ लागलो. दिनकर मला दर वेळी नवीन अधोगती दाखवायचा. रांदेरची आलूपुरी, थंडीतला पोंक. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण शेतात न जाता पुलाखाली बसून खायचा आणि वर साखरेच्या गोळ्या. एकदा मी कोजागिरीला गेलो होतो. आपली मसाला दुधाची पौर्णिमा उलटली की दुसऱ्या दिवशी सुरतेत चांदनी पडवो असतो. त्या संध्याकाळी सगळं गाव रस्त्यावर चटया टाकून घारी खातं. घारी ही मिठाई मी पहिल्यांदाच चाखली आणि माझं मत सांगितलं. तुपात तळून तुपात बुडवलेलं तूप, याला खाणं म्हणत नाहीत, औषध म्हणतात, तेही गुरांचं. मला वाटलं, दिनकर नेहमीसारखा हसेल. तो हसला नाही. "पूर्ण खा," तो म्हणाला. "मग बोल." मी चमकून पाहिलं तर त्याचा चेहरा खरोखर पडला होता. मग लगेच त्यानं पुढच्या चटईवरच्या कुणाला तरी नावं ठेवली आणि प्रसंग निभावला.

अलीकडे माझा पुतण्या सुरतेला गेला होता. दोन दिवस फिरला, मोबाइलसमोर तोंड वासून सगळं खाल्लं आणि व्हिडिओ टाकला, की सुरत म्हणजे तेल आणि ट्रॅफिक, दोन दिवस पुष्कळ झाले. मला तो व्हिडिओ आवडला. बोलायला मुलगा आमच्या वळणावर गेला आहे, असं वाटलं. दिनकरचा संध्याकाळी फोन आला तो तापलेलाच. "कोण आहे बे हा दीडशहाणा? चमचा तोंडात घालायच्या आधी मान डोलावते! लोचोले नाव ठेवायची याची लायकी आहे का?" मी म्हणालो, अरे, तू तरी दुसरं काय म्हणतोस? "त्याले सांग," तो म्हणाला, "सुरतेले शिव्या द्यायच्या तर इथं तीस वर्षं राहावं लागते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण मी वेगळ्याच नादात होतो. दिनकर रिटायर झाला होता, मीही. आता दोघांनी मिळून एकाच गावाला नावं ठेवावीत, सकाळी फिरायला जावं आणि दिसेल त्याची अक्कल काढावी, एवढंच मला म्हातारपणाकडून हवं होतं. माझ्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, घरात बोलायला कुणी नाही, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस कोको पिणाऱ्यांच्या गावात बसलेला. खालचा फ्लॅट रिकामा झाल्यावर मी फोन केला, सगळं सांगितलं. खोल्या किती, पाणी कसं, सकाळचं ऊन कुठून येतं. तो ऐकत होता. त्यानं एकही खोड काढली नाही, हेच नवल. शेवटी म्हणाला, "बरं आहे बे घर." आणि मग, "चल, येतो." त्या रात्री मला छान झोप लागली.

तेराव्यानंतर भेटायला गेलो. घरात शिरताना दाराआड गुंडाळून उभी केलेली एक प्लास्टिकची चटई माझ्या पायाला लागून पडली, आणि फरशीवर काळी वाळू सांडली. डुमसची. मी वहिनींकडे पाहिलं. "यांची आहे," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी जात होते ना, हसमुखभाईंसोबत. गौरव पथाच्या फूटपाथवर नाहीतर डुमसले." हसमुखभाई म्हणजे शेजारी, अस्सल सुरती, समोर बसून डोळे पुसत होते. म्हणजे हा इसम वर्षानुवर्षं फूटपाथवर मांडी घालून बसत होता आणि मला फोनवर त्याच लोकांची कीव करून दाखवत होता! "दिनकरभाई सुरतने एवी गाळो दे, एवी गाळो दे," हसमुखभाई म्हणाले, "पण बीजो कोई दे, तो मारवा दोडे." शिव्या देणार तोच, दुसऱ्यानं दिल्या तर अंगावर धावून जाणारही तोच. मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी वहिनींना फ्लॅटचं सांगितलं. तो येणार होता, मला तसं म्हणाला होता. काय म्हणाले, त्यांनी विचारलं. "चल, येतो म्हणाला." वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "भाऊजी, इथं फोन ठेवताना सगळे 'चालो, आवजो' म्हणतात. आवजो म्हणजे या पुन्हा. हे त्याच्यावर 'चल, येतो' म्हणत. बँकेत, भाजीवाल्याले, साऱ्यायले. ती यांची सवयच होती फोन ठेवायची." मग त्या हळू म्हणाल्या, "यायचे असते ना, तर 'येऊन राहिलो' म्हणाले असते. तुम्ही वऱ्हाडातले असून...?" खरंच होतं. आमच्याकडे निघालेला माणूस 'येऊन राहिलो' म्हणतो, आणि उठून जाणारा 'येतो'. जन्मभर दुसऱ्यांचे उच्चार तपासत बसलेल्या मला, हव्या त्या एका शब्दाचा हवा तो अर्थ ऐकू आला होता. दिनकरनं माझा फोन ठेवला होता, बस.

निघताना मी न बोलता उठलो. दुखवट्याच्या घरातून 'येतो' म्हणून निघायचं नसतं, आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. हसमुखभाईंना कुठून ठाऊक असणार? जिना उतरताना वरून त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात हाक दिली, "आवजो, शरदभाई!" वहिनी दारात दचकल्या. मी मागे न पाहता उतरलो.

खालचा फ्लॅट दुसऱ्यांना गेला. त्यांनी भिंती पिवळ्या केल्या आहेत, आणि येताजाता मला त्या खमणाच्या दारावरून जावं लागतं. सकाळी फिरताना नावं ठेवण्यासारखं पुष्कळ दिसतं, पण ऐकायला कुणी नसलं की तुच्छतेतही राम राहत नाही. परवा हसमुखभाईंचा फोन आला. चांदनी पडवो जवळ आला आहे. "दिनकरभाईनी चटाई हुं लई जवानो छुं," ते म्हणाले. दिनकरची चटई यंदा तेच नेणार. वहिनींना सण करायचा नाही, तरी घटकाभर येऊन बसते म्हणाल्या आहेत. चटईवर एक जागा रिकामी आहे. घारीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, फूटपाथबद्दलचं तर मुळीच नाही, हे मी त्यांना ऐकवलं. ते मोठ्यानं हसले. मग सवयीप्रमाणे म्हणाले, "चालो, आवजो."

"येऊन राहिलो," मी म्हणालो.