‘माझा!’ म्हणायचं राहून गेलं

डेपोच्या फुटबॉल टीममधल्या कुणालाही विचारा, गोलकीपरनं तंबाखू का सोडली? प्रशिक्षक म्हणतील, धावताना दम लागायला लागला म्हणून. कँटीनवाला म्हणेल, बायकोनं दम दिला म्हणून. दोघंही थापा मारतात. मी सांगतो, ऐका.

वर्कशॉपमध्ये बसचे ब्रेक दुरुस्त करणारा हा धिप्पाड गडी. सगळे त्याला भिंत म्हणत. त्याची एकच अडचण होती. एकदा हातमोजे चढवले की तंबाखूची डबी उघडता यायची नाही. म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधीच तो असा दणदणीत बार भरायचा की हाफटाइमपर्यंत पुरावा. मैदानावर थुंकलं की पंचांची बोलणी बसत, म्हणून रस तोंडातच साठवायचा. काय तरी एकेकाची हौस!

त्या दिवशी समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला. बॉल उंच उडून गोलसमोर आला. अशा वेळी गोलकीपरनं पुढे धावायचं आणि ‘माझा!’ म्हणून बोंब ठोकायची, म्हणजे आपली माणसं बाजूला होतात. तो धावला, पण तोंड गच्च भरलेलं. उघडलं असतं तर सगळं घशात गेलं असतं. आवाज निघालाच नाही. आणि त्याच बॉलवर उडी घेतली होती त्याच्या मेव्हण्यानं, बायकोच्या पाठच्या भावानं. तो डेपोतच ड्रायव्हर. याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. पोरगा जो आडवा झाला तो हललाच नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर हा येऊन बसला. मोजे कमरेला खोचलेले तसेच. जीव थाऱ्यावर येईना, म्हणून त्यानं पुन्हा बार भरला. हो, तिथंसुद्धा! तेवढ्यात बायको धावत आली.

"तुम्ही ओरडला होतात ना?" तिनं विचारलं.

तोंड भरलेलं. त्यानं मान हलवली. हो म्हणून.

ती शेजारी बसून राहिली. दर वेळी दार वाजलं की दोघंही उठत आणि पुन्हा बसत. शेवटी नर्सनं आत बोलावलं. मेव्हणा शुद्धीवर आला होता, डोक्याला पट्टी, चेहरा पांढराफटक.

"भाऊजी, चूक माझीच," तो म्हणाला. "मला तुमचा आवाज ऐकूच आला नाही."

"अरे, ओरडले होते ते," बायको म्हणाली. "मी विचारलं ना त्यांना."

"मग कानच गेले माझे, ताई."

"वेड्या, आत्ता माझं ऐकतोयस की!"

"जवळचं येतं ऐकू. पण गोलकीपरची बोंब ऐकू आली नाही, तर रस्त्यावर मागचा हॉर्न काय ऐकणार? बसभर माणसं घेऊन कसा निघू मी? उद्या साहेबांना सांगून टाकतो. गाडी सोडतो."

त्याचे डोळे भरून आले होते. स्टिअरिंग हातात मिळावं म्हणून पोरगा किती वर्षं गाड्या धूत होता, हे याच्याइतकं कुणाला माहीत होतं? गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. बायको याच्याकडे पाहत होती.

यानं कमरेचा हातमोजा काढला आणि सगळा बार त्यात थुंकला.

"मी ओरडलोच नाही," तो म्हणाला. "तोंडात तंबाखू होती. तुझे कान धडधाकट आहेत रे."

मेव्हणा उशीवरून अर्धा उठला. चिडेल, शिव्या घालेल, असं याला वाटलं होतं.

"म्हणजे गाडी माझीच ना, भाऊजी?"

"तुझीच."

बायकोनं हात पुढे केला. यानं खिशातली डबी तिच्या तळहातावर ठेवली.

पोरगा बरा झाला, गाडीवर गेला, पुन्हा खेळायलाही लागला. पण बाकावर तुम्ही मान का हलवलीत, हे बायकोनं अजून विचारलेलं नाही. ती विचारणार, याची धास्ती त्याला रोज असते. विचारेल तेव्हा तोंड रिकामं असायला हवं.