बिनतारांचा तंबोरा

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले – त्या वेळी तुम्ही जेवला होतात का? उपाशी पोटी माणसाला काहीही दिसतं, असं माझं स्पष्ट मत. मी साताऱ्यात शिवणाचे वर्ग चालवते. जे टेपने मोजता येत नाही, त्याच्या वाटेला मी जात नाही. तरी हे लिहायला बसले, कारण त्या दिवशी आम्ही तिघी पोटभर जेवून निघालो होतो.

चौऱ्याहत्तर सालचा ऑगस्ट. माझा धाकटा दीर लंडनला असतो. त्याची इंग्रज बायको, जेन, पहिल्यांदाच आपल्याकडे आली होती. दिराला रजा मिळेना, म्हणून तिला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. ती, मी आणि माझी सहा वर्षांची मीना सांगलीला नणंदेकडे उतरलो, आणि पावसाने जी सुरुवात केली ती थांबेचना. गणपतीचं देऊळ तेवढं पाहून झालं. कृष्णेला पाणी चढलं, त्यामुळे हरिपूरचा संगम आणि नरसोबाची वाडी दोन्ही रद्द.

जेनचं काही अडलं नाही. तिच्या देशात म्हणे पाऊस नेहमीचाच. अशा दिवशी लोक छपराखालचं काहीतरी अजब शोधून काढतात – कुठे कुलपांचा संग्रह, कुठे चमच्यांचा. मला म्हणाली, "वहिनी, छप्पर पाहिजे. आणि गंमत पाहिजे." नणंदेने मिरजेचं सुचवलं. तिथे घरोघर सतारी-तंबोरे बनतात, ते दाखव. मी म्हटलं, भोपळे बघायला का ती सातासमुद्रापलीकडून आली? नणंद म्हणाली, "तुला नाही आवडत, म्हणून जगाने बघायचे नाहीत होय?"

एस.टी.ने मिरज गाठलं, तिथून टांगा. टांग्याचं छप्पर गळत होतं. नणंदेने सांगितलेल्या दस्तगीरभाईंच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात शिरलो तेव्हा जेन आणि मीना नखशिखांत भिजलेल्या.

दस्तगीरभाई पन्नाशीचे, कमी बोलणारे. पुढे मोठी खोली – आढ्याला टांगलेले भोपळे, शेगडीवर शिजणारा लाकूड चिकटवायचा सरस. मागे एक लहान, बिनखिडकीची खोली. तिथे कोपऱ्यात एक तंबोरा जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. जेनने लुगडं जरा बाजूला करून पाहिलं. खुंट्या होत्या, तार एकही नव्हती. किंमत विचारली तर भाई एवढंच म्हणाले, "ते विकायचं न्हाई, ताई."

शुक्रवार होता. भाई आणि दोन कारागीर नमाजाला निघाले. मशीद गल्लीच्या टोकाला. जाताना म्हणाले, आत कपडे पिळून घ्या, इथे कोण येत नाही.

आता माझी चूक सांगते. मीनाचे दात वाजत होते. मी सरसाचं भांडं उतरवलं, निखाऱ्यांची शेगडी उचलून आतल्या खोलीत नेली. जेन परकरावर होती, म्हणून आतून कडी घातली. दाराखालच्या फटीतून वारा येत होता, तिथे गोणपाट कोंबलं. बाळंतिणीची खोली आपण अशीच करतो ना? माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने अशीच केली होती. त्यात काही वावगं वाटलंच नाही.

छान ऊब आली. मीना शेगडीशेजारी जेनच्या मांडीवर झोपली. जेनही भिंतीला टेकून पेंगायला लागली. माझं डोकं जड झालं. वाटलं, पाच मिनिटं डोळे मिटावेत...

तंबोऱ्याच्या आवाजाने जाग आली. चार सुरांचं तेच तेच चक्र, अगदी कानाजवळ. मला राग आला. आम्ही झोपलोय आणि ही माणसं वाजवत काय बसलीत! उठायला गेले तर पाय हलेनात. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. ओरडायचं होतं, पण जीभ उचलत नव्हती. मी हातांवर सरकायला लागले. थांबले की आवाज थांबायचा. खोलीत काही उरायचं नाही, फक्त छपरावरचा पाऊस. सरकले की पुन्हा सुरू. दोनदा थांबले, दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा थांबायची हिंमत झाली नाही.

कडी कशी काढली आठवत नाही. दार बाहेर ढकललं आणि मी उंबऱ्यावर ओकले.

समोरून दस्तगीरभाई धावत येत होते, अनवाणी. त्यांनी जेनला ओढून बाहेर आणलं. तिने डोळे उघडले. तेव्हा कुठे मला भान आलं, तशी मी मीनाकडे वळले. ती शेगडीपाशी नव्हतीच. दाराच्या आतल्या बाजूला, फटीला तोंड लावून पडली होती. गोणपाट बाजूला ओढलेलं. आणि ती त्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती – हनुवटीपर्यंत घट्ट, पायाचं टोक आत मुडपून, नुकत्या जन्मलेल्या बाळाला गुंडाळतात तशी. सहा वर्षांची मुलगी. श्वास चालू होता. मी तिला घट्ट धरून पावसात बसले.

भाईंनी आधी विचारलं, "तंबोरा कुणी छेडला?"

मी म्हटलं, तुमच्यापैकीच कुणीतरी.

"आमी समदे मशिदीत होतो. पायऱ्यांवर ऐकू आला मला. पंचमाची तार जरा उतरलेली होती." मग आत कोपऱ्याकडे बोट केलं. तंबोरा उघडा उभा होता. तार एकही नाही.

मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर ते बोलले. त्यांची आई त्याच खोलीत बाळंत झाली होती. असाच पाऊस. शेगडी ठेवून दार लावलेलं. सकाळी उघडलं तेव्हा आई गेलेली, बाळही. भाई तेव्हा आठ वर्षांचे. वडील त्या दिवसांत हाच तंबोरा करत होते. "बानं पुन्हा त्याच्यावर तारा चढवल्याच न्हाईत. लुगडं अम्मीचं हाय."

जेनने लंडनहून लिहिलं, कोळशाच्या वायूने माणसाला भास होतात. आवाज तिनेही ऐकला होता. मीनाला आपण हलवलं नाही, असं तिने शपथेवर लिहिलंय. मीही हलवलं नाही. भास मी मान्य करीन. पण भास गोणपाट काढत नाही, आणि भासाला पोर गुंडाळता येत नाही. शिवाय भाई तर मोकळ्या हवेत होते.

मीनाला काहीच आठवत नाही. एवढंच म्हणते, लुगडं ऊबदार होतं.

मला आजही याचा उलगडा झालेला नाही. मागच्या पावसाळ्यात माझी भाची बाळंत झाली. शेगडी आली, दार लागलं, तशी मी खिडकी उघडली. तिची सासू म्हणाली, वारं लागेल. मी म्हटलं, लागू दे. महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. खिडकी उघडीच राहिली.