मनगटातली आठ हाडं

"मनगटातली हाडं सांग. ओळीने," सर म्हणाले.

त्यांच्या हातात माझ्या आत्याचं मनगट होतं. टम्म सुजलेलं. जेट्टीवर उतरताना शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि ती हातावर पडली. उरणच्या आमच्या गावापासून पनवेलपर्यंत वाटेत दवाखाने हवे तेवढे. पण ती दुखरा हात पदरात धरून रिक्षा बदलत इथवर आली. कारण 'आपला पोर' इथल्या हॉस्पिटलात होता.

आपला पोर म्हणजे मी. परदेशातून डॉक्टरकी शिकून आलेला. आलो तेव्हा गावात नाक्यावर माझा फ्लेक्स लागला होता, मावसभावाच्या लग्नातल्या कोटात. कोट एवढा मोठा की मी त्यात वस्तीला आल्यासारखा दिसत होतो. पुढचं कुणाला माहीत नव्हतं. तिकडची पदवी इथे तशीच चालत नाही. आधी परवान्याची परीक्षा. पहिल्या वर्षापासूनचं सगळं पुन्हा पाठ करायचं. हाडं, नसा, ग्रंथी, कुठल्या जीवनसत्त्वाअभावी काय होतं, ते सगळं. मी दोनदा नापास झालो होतो. एकदा थोडक्यात, एकदा चांगला ऐसपैस.

सरांचं हे हॉस्पिटल त्यांच्या वडिलांनी काढलेलं. त्यांनी मला मागच्या स्टोअरमध्ये अभ्यासाला टेबल दिलं होतं. पास झालास की इथेच नोकरी, असा शब्दही दिला होता. बदल्यात केसपेपर लिहायचे, राऊंडला मागे चालायचं, आणि पेशंटच्या खाटेपाशी सर विचारतील त्याची उत्तरं द्यायची. चुकलं की सगळ्या वॉर्डाला चहा मी आणायचा. सगळ्यांना ती गंमत वाटायची. मलाही गंमतच वाटते असं मी स्वतःला समजावत होतो.

आता ही आठ हाडं मला झोपेतसुद्धा येतात. ती लक्षात ठेवायला इंग्रजीत एक चावट वाक्य आहे. माझ्या डोक्यात ते टिकेना. मग मी पहिली अक्षरं धरून आमच्या घरची सोय केली. स्कॅफॉइडची सुरमई. ल्युनेटचा लेपा. मग तारली, पापलेट, तांबोशी, टोळ. कॅपिटेटची चिंबोरी, कारण इंग्रजीत दोन्हींना सी. शेवटी हॅमेटचा हलवा. आईची मासळीची टोपली डोळ्यांपुढे आणायची की अख्खं मनगट तयार. या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

पण आत्या बघत होती. आजूबाजूच्या खाटा बघत होत्या. मी घाबरलो. भीतीचं रसायन कुठल्या ग्रंथीतून सुटतं आणि ती ग्रंथी मूत्रपिंडाच्या डोक्यावर कशी बसलेली असते, हेही मला पाठ आहे. भीती वाटत असताना त्या माहितीचा काडीचा उपयोग होत नाही.

"सुरमई," मी म्हणालो.

एखादा शहाणा माणूस एका माशावर थांबला असता. मी लेपा, तारली करत पापलेटपर्यंत पोहोचलो.

वॉर्ड हसला. सिस्टर तोंड फिरवून हसली. सर हसले नाहीत. त्यांनी आत्याचा हात खाली ठेवला.

"परदेशात जाऊन आलास," ते म्हणाले, "पण टोपली अजून डोक्यावरच आहे. तुमच्या लोकांचं हेच. वास काही जात नाही." मग आत्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "बाई, याला डॉक्टर समजू नका हं. हा डॉक्टर नाही. होईल असंही वाटत नाही."

आत्या उठून बसली. "हुशार हाय तो, सायब. जरा भितो. ल्हानपनापासून भितो."

मला वाटलं, आत्ये, गप बस. तेवढंच वाटलं. सरांना काही बोलावं असं मनातसुद्धा आलं नाही. मी चहा आणायला गेलो. सरांच्या कपात साखर नको, हे बरोबर लक्षात होतं.

हाताला प्लास्टर घालून आत्या निघाली. दाराशी म्हणाली, "जेवलास काय?" मग आवाज खाली करून, "मी घरी काय बोलनार नाय."

ते जास्त लागलं.

त्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. सर सहकुटुंब नेऱ्याच्या फार्महाऊसवर निघाले होते. दुपारपासून थांबणारा डॉक्टर अचानक नोकरी सोडून गेला होता. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुंटीवरचा पांढरा कोट काढून हातात दिला.

"आज तू थांब. कुणी विचारलं तर डॉक्टर म्हणायचं. काही लागलं तर फोन कर."

मी 'नाही' म्हणालो नाही. उलट लाजलो. कोट घातला. बाथरूमच्या आरशासमोर उभा राहिलो, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि 'घाबरू नका' असं गंभीर आवाजात म्हणून पाहिलं. बरं जमत होतं.

बाहेर आलो तर एक माणूस बाकावर वाकून बसला होता. घामाने शर्ट चिकटलेला. एक हात छातीवर, दुसरा आपोआप जबड्याकडे जाणारा. त्याची बायको धावत माझ्याकडे आली. "डॉक्टर, बघा ना यांना. सकाळपासून गॅस झालाय म्हणतात."

मला कळलं. हे मी आठवड्यात कितीदा वाचलं असेल. वेदना कुठल्या नसांच्या वाटेने हाताकडे, जबड्याकडे जाते, हृदयाच्या कुठल्या भागाला कुठली धमनी रक्त पुरवते. डोक्यात सगळं होतं, पर्यायांसकट. अ, ब, क, ड. समोर मात्र पर्याय नव्हते. एक माणूस होता आणि तो राखाडी होत चालला होता.

सिस्टरने ऑक्सिजन लावला, ईसीजीच्या वायरी जोडल्या. मी सरांना फोन लावला. मागे गाणी चालू होती.

"छातीत दुखतंय, सर. हार्ट अ‍ॅटॅक वाटतोय."

"ईसीजीचा फोटो पाठव. मी इंजेक्शनं सांगतो, ती दे. पेशंट हलवायचा नाही. डॉक्टर, घाबरायचं नाही."

डॉक्टर. त्यांनी मला पहिल्यांदा तसं म्हटलं.

 त्याच क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्यासमोर मी डॉक्टर नव्हतो, कारण तिथे सरांना मला खाली दाखवायचं होतं. इथे डॉक्टर होतो, कारण त्यांना परत यायचं नव्हतं. हा माणूस गेला तर मी पुन्हा डॉक्टर नसणार होतो. तेव्हा मी कोळ्याचा पोर, ज्याने न विचारता कोट घातला.

"नाय, सर," मी म्हणालो. पनवेलला आल्यापासून मी 'नाही' म्हणायला शिकलो होतो. तोंडातून 'नाय' आलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. "मी डॉक्टर नाय. मी पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो."

"सोमवारपासून येऊ नकोस," सर म्हणाले. गाणी चालूच होती.

सिस्टरने अँब्युलन्सला फोन केला. मी त्या बाईंपाशी गेलो. "ताई, मी डॉक्टर नाही. माझ्याकडे परवाना नाही. इथे आत्ता एकही डॉक्टर नाही. यांना लगेच हलवायला हवं."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग हा कोट कशाला घातलास?"

मी कोट काढला, बाकावर टाकला आणि स्ट्रेचरचं एक टोक धरलं. अँब्युलन्सचं दार लागताना ती माझ्याकडेच बघत होती. त्या नजरेत आभार नव्हते. का असावेत?

तो माणूस वाचला की नाही, मला माहीत नाही. विचारायला गेलो नाही. भीती वाटली.

मागचं टेबल गेलं. नोकरीचा शब्द गेला. गावात सांगितलं तेव्हा आई टोपली उचलून बाजाराला गेली, बाप जासईच्या कंटेनर यार्डात कामाला निघून गेला. आता मी घरातच वाचतो. नसा, ग्रंथी, धमन्या. परीक्षा तोंडावर आहे. तिसऱ्यांदाही नापास होऊ शकतो. हे मी स्वतःपासून लपवत नाही.

पण विनापरवाना माणसाला कोट चढवून पेशंटसमोर उभं केलं जातं, याची लेखी तक्रार मी मेडिकल कौन्सिलकडे केली आहे. माझ्या अंगावरही तो कोट होता, हेही त्यात लिहिलं आहे. सरांचे वकील काय करतील ते करोत. माझ्यावर कारवाई झाली तरी तक्रार मागे घेणार नाही. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. नावाच्या आधी काही लिहिलं नाही. ती जागा मी परीक्षा देऊन भरीन. आणि नाहीच भरता आली, तर कोरी ठेवीन. कुणाच्या सोयीसाठी भरणार नाही.