प्रकाशला दिलेले गुण

सकाळी कोपऱ्यावरच्या बालवाडीत प्रकाश वॉटर कूलर बसवत होता. आयटीआयमधला माझा जुना विद्यार्थी. मला पाहून पाया पडला. "सर, तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत, म्हणून आज घर चालतंय."

माझी नजर मात्र वायरीवर होती. शॉक बसू नये म्हणून जोडायची ती अर्थिंगची हिरवी वायर त्याने मागे दुमडून ठेवली होती. प्रॅक्टिकललाही त्याने हेच केलं होतं. पण त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्याचा उतरलेला चेहरा बघून मी पास होण्यापुरते गुण टाकले.

"अर्थिंग कुठंय रे?"

"चालतं हो सर, काही होत नाही."

मी प्लग खेचून काढला. गुण देताना मला एकच चेहरा दिसला होता. या नळाखाली बाटली धरणारे इवलेसे ओले हात दिसले नव्हते. सगळे मला दयाळू सर म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

हा एक प्लग माझ्या हातात आहे. पण असे उतरलेले चेहरे बघून मी आणखी कितीजणांना पास केलं, आणि ते आज कुठे कुठे वायरी जोडतायत, ते मला आठवत नाही.